विश्लेषण : कोपरगाव मतदारसंघ नकाशावरून गेला, मग राहिले काय?

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, तो कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा नाव शिर्डीचेच लागले, आणि ते कुणाला खटकलेही नाही. कोपरगावकरांना त्याची सवय आधीच झाली होती. त्याच्या ९ वर्षे आधी त्यांचा लोकसभा मतदारसंघही शिर्डीच्या नावाने झाला होता.

आज पंचविशीत असलेल्या मतदाराला ‘कोपरगावचा खासदार’ हा शब्दप्रयोग ऐकूनही माहीत नसेल. त्याच्या आजोबांच्या पिढीने मात्र १९५७ पासून २००४ पर्यंत १३ वेळा कोपरगावचा खासदार निवडला. या १३ निवडणुकांत माणसे निवडून गेली फक्त ६, आणि त्यातल्या एकट्या बाळासाहेब विखे पाटील यांच्या वाट्याला ७ विजय आले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचे राजकारण समजून घ्यायचे तर या आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. पुढची मतदारसंघ पुनर्रचना आता दूर राहिलेली नाही, म्हणून तर हा हिशेब आज मांडायचा.

कोपरगाव हे नाव आले कुठून?

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जिल्ह्याचे दोन भाग होते, अहमदनगर उत्तर आणि अहमदनगर दक्षिण. उत्तरेतून काँग्रेसचे पंढरीनाथ कानवडे निवडून आले. १९५७ मध्ये उत्तरेच्या मतदारसंघाला कोपरगाव हे नाव मिळाले.

उत्तर आणि दक्षिण हा फरक केवळ नकाशावरचा नव्हता. दक्षिणेकडे पाथर्डी, कर्जत, जामखेड म्हणजे दुष्काळाचा पट्टा, ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसे. उत्तरेकडे गोदावरीचे कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण. इंग्रजांनी दुष्काळ निवारणासाठी काढलेल्या या पाण्यावर आधी खासगी साखर कंपन्या उभ्या राहिल्या. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा कारखाना, कोपरगाव तालुक्यातली साकरवाडी या सगळ्या त्याच पाण्याच्या लेकी. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. पुढे कमाल जमीन धारणा कायद्याने त्या सरकारकडे आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. ‘खंडकरी’ हा शब्द या भागात आजही घराघरांत समजतो तो यामुळे.

या कंपन्यांना उत्तर म्हणून विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणीला, धनंजयराव गाडगीळ यांना सोबत घेऊन, सहकारी कारखाना काढला. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे पहिले गाळप झाले. पुढच्या २५-३० वर्षांत राहुरी, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर असा एकेक तालुका आपापल्या कारखान्याभोवती उभा राहिला. मतदारसंघाची हद्द कागदावर निवडणूक यंत्रणेने आखली खरी. पण कारखान्यांच्या सभासद-याद्या आणि कालव्यांच्या चाऱ्या एकत्र मांडल्या, तरी जवळपास तोच नकाशा निघाला असता.

पहिलाच खासदार आंबेडकरी, तोही खुल्या जागेवर

कोपरगावच्या इतिहासातले सर्वात कमी आठवले जाणारे आणि सर्वात महत्त्वाचे पान १९५७ चे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत निवडणूक झाली. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप यांच्याबरोबर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होती. नगरमधून र. के. खाडिलकर निवडून आले, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावातून फेडरेशनचे बी. सी. कांबळे.

कांबळे हे बाबासाहेबांच्या सहवासात घडलेले वकील. बाबासाहेबांचे अनेक खंडांचे चरित्र त्यांनी पुढे लिहिले. १९७७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा लोकसभेत गेले. कोपरगावची जागा तेव्हा राखीव नव्हती. म्हणजे ऊस बागायतदारांच्या, पाटील-देशमुखांच्या मुलखाने एका दलित नेत्याला खुल्या जागेवरून दिल्लीला पाठवले होते.

त्याला केवळ मोठेपणा म्हणणे भाबडेपणाचे होईल. मुंबईसह महाराष्ट्र मिळवायचा होता आणि त्यासाठी काँग्रेसला पाडायचे होते. समितीचा उमेदवार कोण यापेक्षा तो समितीचा आहे हे मोलाचे होते. पण म्हणूनच हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. चळवळ जोरात असते तेव्हा मतदार जात ओलांडतो, याचा तो या मातीतला पुरावा. १९६० मध्ये राज्य मिळाले, चळवळ संपली, आणि १९६२ ला जागा काँग्रेसकडे परतली.

अण्णासाहेब शिंदे : मतदारसंघापेक्षा मोठे काम

१९६२ आणि १९६७ अशा दोन निवडणुका अण्णासाहेब शिंदे यांनी कोपरगावातून जिंकल्या, तर १९७१ ची नगरमधून. डाव्या विचारांच्या चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले हे वकील. केंद्रात शेती खात्यात त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि तो काळ होता हरितक्रांतीचा. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर देशाचे पोट अवलंबून होते. सी. सुब्रमण्यम मंत्री, डॉ. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ प्रयोगशेतावर आणि खात्यात बसून हे सगळे रेटणारे अण्णासाहेब. मेक्सिकन गव्हाचे बियाणे आणण्याचा निर्णय तेव्हा सोपा नव्हता, संसदेत आणि बाहेरही विरोध होता.

कोपरगावने दिल्लीला पाठवलेल्या सहा जणांत देशाच्या धोरणावर सर्वाधिक ठसा कुणाचा, असा प्रश्न केला तर उत्तर अण्णासाहेब असेच द्यावे लागेल. त्यांच्या मागे स्वतःचा कारखाना, शिक्षणसंस्था आणि पुढची पिढी असे साम्राज्य उभे राहिले नाही. कदाचित म्हणूनच ते आठवणीतूनही लवकर गेले. या जिल्ह्यात माणूस लक्षात राहतो तो कमानीवरच्या नावाने.

विखे पर्व आणि दिल्लीची गरज

१९७१ मध्ये विठ्ठलरावांचे चिरंजीव एकनाथराव, म्हणजेच बाळासाहेब, पहिल्यांदा निवडून आले. त्यानंतर १९७७, १९८०, १९८४, १९८९. आणीबाणीनंतर देशभर काँग्रेसचे पानिपत झाले, तेव्हाही कोपरगाव हलले नाही. प्रवरानगरला कारखान्यापाठोपाठ शाळा, महाविद्यालये, तंत्रनिकेतन, वैद्यकीय शिक्षण असे जाळे पसरत गेले आणि त्या प्रत्येक संस्थेतून निवडणुकीची यंत्रणा आपोआप तयार होत गेली.

साखरेच्या मुलखाला खासदार का लागतो, हे इथे सांगायला हवे. उसाचा किमान दर केंद्र ठरवते. कारखान्याने किती साखर लेव्ही म्हणून सरकारला द्यायची आणि उरलेली कोणत्या महिन्यात किती विकायची, हेही २०१३ पर्यंत दिल्लीतच ठरत असे. शेतकऱ्याला जास्त दर दिला की आयकर खाते त्या जादा रकमेला नफा समजून नोटीस पाठवायचे, आणि तो वाद दशकानुदशके चालला. विधानसभेत आमदार असून या गोष्टी सुटत नसत. साखरसम्राटाला संसदेत बसणे शोभेसाठी नव्हे, धंद्यासाठी आवश्यक होते.

पण एकाच मतदारसंघात इतके कारखाने म्हणजे इतके सुभेदार. कोपरगाव तालुक्यात काळे आणि कोल्हे. संगमनेरला भाऊसाहेब थोरात आणि नंतर बाळासाहेब थोरात. राहुरीला तनपुरे. विखेंशी या साऱ्यांचे कधी जमले, कधी मोडले. पक्ष एकच असल्याने खरी लढत पक्षाच्या आतच व्हायची. विरोधी पक्षाला काँग्रेसविरुद्ध उभे राहण्याची गरज नसे, रुसलेल्या काँग्रेसवाल्याची वाट पाहिली की काम भागत असे.

१९९१ मध्ये हे उघड झाले. विखे त्या वेळी दक्षिणेत, नगरमधून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसचे यशवंतराव गडाख यांच्याकडून हरले. ती निवडणूक न्यायालयात गेली, गडाखांची निवड रद्द ठरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ते आजही निवडणूक कायद्याच्या अभ्यासात वाचले जाते. इकडे कोपरगावात काँग्रेसचे शंकरराव काळे निवडून आले. १९९६ ला भाजपचे भीमराव बडदे, १९९८ ला काँग्रेसचे प्रसाद तनपुरे. तीन निवडणुका, तीन खासदार. जवळपास वीस वर्षे एकाच घराकडे असलेली जागा सात वर्षांत तीनदा फिरली.

विखे १९९८ मध्ये शिवसेनेतर्फे नगरमधून आणि १९९९ मध्ये शिवसेनेतर्फेच कोपरगावातून निवडून आले. वाजपेयी सरकारमध्ये ते अर्थ राज्यमंत्री आणि नंतर अवजड उद्योगमंत्री झाले. २००४ ला पुन्हा काँग्रेस, पुन्हा कोपरगाव, पुन्हा विजय. पक्ष बदलला तरी मतदान बदलत नाही हे या मतदारसंघाने महाराष्ट्राला फार आधी दाखवून दिले. आजच्या पक्षांतराच्या बातम्या वाचून उत्तर नगरचा म्हातारा मतदार दचकत नाही, त्याचे कारण हेच असावे.

२००८ मध्ये नेमके काय झाले?

न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्रचना आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे नवे मतदारसंघ आखले. १९ फेब्रुवारी २००८ पासून ते लागू झाले. कोपरगाव गेले आणि त्या जागी अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे या सहा विधानसभा मतदारसंघांचा शिर्डी लोकसभा मतदारसंघ आला. तो अनुसूचित जातींसाठी राखीव झाला.

राखीव जागा कशी ठरते, याबद्दल गावोगाव वेगवेगळ्या कहाण्या सांगितल्या जातात. कायद्यातला नियम असा : अनुसूचित जमातींसाठी जिथे त्या लोकसंख्येचे प्रमाण सर्वाधिक तिथे. अनुसूचित जातींसाठी मात्र दोन निकष एकत्र लागतात. प्रमाण तुलनेने जास्त हवे आणि राखीव जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या हव्यात. या दुसऱ्या निकषामुळे जागा जिल्ह्याजिल्ह्यांत सरकतात. नगर जिल्ह्यातच विधानसभेची राखीव जागा कर्जतहून श्रीरामपूरला सरकली.

त्याच आदेशात पंढरपूर हा राखीव लोकसभा मतदारसंघही संपला. त्या भागातून माढा हा खुला मतदारसंघ तयार झाला. २००९ मध्ये माढ्यातून शरद पवार निवडून आले. पंढरपूरचे मावळते खासदार रामदास आठवले यांना नवी जागा शोधावी लागली, आणि काँग्रेस-राष्ट्रवादीने त्यांच्यासाठी शिर्डी पुढे केली.

५२ वर्षांतला फरक

इथे १९५७ आणि २००९ शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या वेळी खुल्या जागेवर आंबेडकरी चळवळीतला वकील जिंकला. दुसऱ्या वेळी राखीव जागेवर, जिल्ह्यातल्या दोन सर्वात बलाढ्य पक्षांचा पाठिंबा असताना, राज्यातला सर्वात परिचित आंबेडकरी नेता हरला. शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे मोठ्या फरकाने जिंकले. वाकचौरे शासकीय सेवेतून आलेले, माणूस स्थानिक, साईबाबा संस्थानात काम केल्याने ओळखीचा. आठवले बाहेरचे हे एक कारण होतेच. पण आघाडीतल्याच नेत्यांनी आपले काम केले नाही, असे आठवले उघडपणे म्हणाले, आणि पुढे २०११ मध्ये त्यांनी शिवसेना-भाजपशी हातमिळवणी केली. ‘शिवशक्ती-भीमशक्ती’च्या मुळाशी शिर्डीचा हा पराभव आहे.

राखीव जागेवरचा उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, पण तो निवडून आणणारी बहुसंख्य मते इतरांची असतात. ही व्यवस्था १९३२ च्या पुणे करारापासून आलेली आणि तिच्यावरची टीकाही तितकीच जुनी. शिर्डीत तिचे प्रात्यक्षिक पाहायला मिळते. २०१४ मध्ये शिवसेनेचे उमेदवार बबनराव घोलप यांना न्यायालयाने शिक्षा सुनावल्यामुळे ऐनवेळी बदलावे लागले. मतदान तोंडावर असताना कर्जतचे माजी आमदार सदाशिव लोखंडे आले आणि निवडूनही आले. ज्यांना त्यांनी हरवले ते वाकचौरे तोवर काँग्रेसमध्ये गेले होते. २०१९ ला लोखंडे पुन्हा जिंकले. २०२४ ला वाकचौरे ठाकरे यांच्या शिवसेनेतून उभे राहिले आणि शिंदे यांच्या शिवसेनेच्या लोखंडेंना त्यांनी हरवले.

म्हणजे चार निवडणुका आणि दोनच खासदार. त्यांतल्या कुणाचाही कारखाना नाही, बँक नाही, संस्थांचे जाळे नाही. काही दिवसांच्या प्रचारात उमेदवार खासदार होतो, याचा एक अर्थ लोकांना बदल हवा होता. दुसरा अर्थ असा की, मते उमेदवाराची नव्हतीच, ती ज्याच्या त्याच्या सुभेदाराची किंवा पक्षचिन्हाची होती.

यावरून राखीव जागा काढून टाका, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. खुल्या मतदारसंघात १३ पैकी ७ वेळा एकच नाव निघाले, तेव्हा तिथे तरी कोणती मोकळी स्पर्धा होती? आरक्षणाने दिल्लीतली खुर्ची बदलली, एवढे निश्चित. गावातली खुर्ची बदलणे हे त्याचे कामच नव्हते. ते काम पक्षांचे होते आणि एकाही पक्षाने या १६-१७ वर्षांत उत्तर नगरमध्ये अनुसूचित जातीतले स्वतंत्र नेतृत्व घडवण्याचा गंभीर प्रयत्न केला, असे दिसत नाही. उमेदवार शोधले गेले, नेते घडवले गेले नाहीत.

एका आदेशाचे लांबचे पडसाद

बाळासाहेब विखे २००९ नंतर लोकसभेत गेले नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. पण घराला लोकसभा हवी होती आणि घरची जागा राखीव होती. उरला पर्याय दक्षिणेचा. २०१९ मध्ये नातू सुजय यांना नगरची उमेदवारी हवी होती, ती जागा आघाडीत राष्ट्रवादीकडे होती आणि राष्ट्रवादीने ती सोडली नाही. सुजय भाजपमध्ये गेले आणि जिंकले. वडील राधाकृष्ण विखे त्या वेळी विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. काही महिन्यांत तेही भाजपमध्ये जाऊन मंत्री झाले.

विरोधी पक्षनेताच सत्ताधारी पक्षात जाण्याचा हा प्रसंग महाराष्ट्रभर गाजला. त्याची कारणे बरीच सांगितली गेली. पण कोपरगाव मतदारसंघ शिल्लक असता, तर आजोबांच्या जागेवरून नातवाने काँग्रेसचीच उमेदवारी मागितली असती आणि ती अडवायला राष्ट्रवादी मध्ये आली नसती. २००८ च्या एका रेघेने ११ वर्षांनी राज्याचे राजकारण हलवले. २०२४ ला दक्षिणेने सुजय यांना नाकारून नीलेश लंके यांना निवडले. त्याच वर्षी विधानसभेला संगमनेरात १९८५ पासूनचे आमदार बाळासाहेब थोरात हरले. कोपरगावात मात्र काळेच. २०१९ ला आशुतोष काळे यांनी स्नेहलता कोल्हे यांना अवघ्या ८२२ मतांनी हरवले होते, २०२४ ला ते पुन्हा निवडून आले.

पाणी आले, पण कोणत्या मतदारसंघात?

या सगळ्या नावांत अकोल्याच्या डोंगराखालचा आणि संगमनेरच्या कोरडवाहू तळेगाव पट्ट्यातला शेतकरी कुठे आहे? त्याच्यासाठी या मतदारसंघाचा इतिहास एका शब्दात येतो : निळवंडे. प्रवरेवर भंडारदऱ्याच्या खाली आणखी एक धरण बांधून लाभापासून वंचित गावांना पाणी देण्याची कल्पना १९७० ची. जागा बदलली, पुनर्वसन अडले, निधी आटला, कालव्यांचे काम रखडले. डाव्या कालव्यातून पाणी सोडून पाहिले गेले मे २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीत पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. डाव्या कालव्याची लांबी ८५ किलोमीटर, लाभ १८२ गावांना, खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये.

तारखा जुळवून पाहा. कल्पना निघाली तेव्हा अण्णासाहेब शिंदे कोपरगावचे खासदार होते. त्यानंतर काँग्रेस, भाजप, शिवसेना असे सारे या जागेवरून दिल्लीला जाऊन आले. राज्यात आणि केंद्रात याच भागातले मंत्री होते. साखर कारखाने वाढले, गाळप वाढले, महाविद्यालये वाढली. मतदारसंघ २००८ मध्ये संपला. पाणी आले त्यानंतर १५ वर्षांनी. वरच्या गावांच्या कालव्याला अर्धशतक लागले, कारण त्या गावांत ना कारखाना होता ना गठ्ठा मते. लोकप्रतिनिधी प्रभावी असणे आणि त्याचा प्रभाव सगळ्यांच्या कामी येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोपरगावचा इतिहास या बाबतीत फारसा गौरवाचा नाही.

आता पुढे काय?

२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत राज्यांच्या लोकसभा जागांची संख्या घटनादुरुस्तीने गोठवलेली आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. महिला आरक्षणाची २०२३ ची घटनादुरुस्तीही पुनर्रचनेशी जोडलेली आहे. म्हणजे पुढच्या फेरीत शिर्डी राखीव राहील का, महिलांसाठी जाईल का, कोपरगावचे नाव परत येईल का, हे सारे पुन्हा पटावर येणार आहे. जिल्हा विभाजनाचा प्रश्न तर कधीचा लोंबकळतो आहे. संगमनेर, शिर्डी की श्रीरामपूर, मुख्यालय कुठे यावर उत्तरेचे एकमत आजवर झालेले नाही.

आयोगाला आपला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. अंतिम आदेश निघाला की तो बदलणे जवळपास अशक्य असते. सुनावणीत बोलतात कोण? ज्यांच्याकडे वकील, नकाशे आणि गाड्या आहेत ते. अकोल्यातला आदिवासी मतदार, हरेगावच्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राहिलेली दलित कुटुंबे, तळेगाव पट्ट्यातले शेतकरी यांच्या वतीने गेल्या वेळी कोण उभे राहिले होते, हे आज कुणाला आठवत नाही. या वेळी मसुदा निघेल तेव्हा हरकतीची मुदत काही दिवसांचीच असेल आणि अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह देण्याला कुणाची बंदी नाही.